रोज सकाळी वेगवेगळ्या कॉम्प्युटरचं नेट जातं, तर आधी कुठे बघायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात नऊ कॉम्प्युटर आहेत आणि केबिनमध्ये वायफायसाठी दुसरा राउटर लावल्यापासून रोज सकाळी दोन-तीन कॉम्प्युटरवर ना नेट चालतं, ना टॅली उघडतं. अडकणारे कॉम्प्युटर मात्र रोज वेगळे. ही खूण फार कामाची आहे. केबल खराब असती तर रोज तोच कॉम्प्युटर अडकला असता. मला वाटतं, केबिनमधला राउटरसुद्धा कॉम्प्युटरना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतोय.

कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर सगळ्यांनाच विचारतो, मला पत्ता कोण देणार? ज्या राउटरचं डीएचसीपी (पत्ते देणारी सोय) आधी उत्तर देईल, त्याचा पत्ता तो घेतो. केबिनच्या राउटरच्या वॅन पोर्टात (जिथे बाहेरून नेटची केबल येते) काहीच नसेल, तर त्याने दिलेल्या गेटवेतून, म्हणजे बाहेर जायच्या दारातून, नेट येणार कुठून?

खात्री करून घ्या. एका अडकलेल्या आणि एका चालू कॉम्प्युटरवर सीएमडीत (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) चालवा आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ ताडून बघा. एकीकडे १९२.१६८.१.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.१ असं काही दिसलं की चोर सापडला. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र कोणीच उत्तर दिलेलं नाही. तिथे केबल आणि स्विचचा (सगळ्या केबल जोडणारा डबा) पोर्ट बदलून बघा.

आता दुरुस्ती. केबिनचा राउटर स्विचपासून सोडवा, लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टात (ऑफिसातले कॉम्प्युटर जोडायचा पोर्ट) लावा आणि सेटिंग उघडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असं धरून, आधी केबिनच्या राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, मग त्याच पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही, हाताने द्यावा लागेल. मुख्य राउटरच्या वाटपातून १.२ वगळायला विसरू नका, नाहीतर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला जाईल.

स्विचकडून येणारी केबल लॅन पोर्टातच लावा. वॅनमध्ये लावली तर केबिनमध्ये नेट चालेल, पण बाहेरच्या कॉम्प्युटरना केबिनमधला प्रिंटर दिसणार नाही.

शेवटी अडकलेल्या कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' (ipconfig /release) आणि मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew) करा. टॅलीचा डेटा असलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचे आयपी मुख्य राउटरमध्ये मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) राखून ठेवा.