वाचकांचे प्रश्न : वादळ गेल्यावर कोळीवाड्यात

प्रश्न : तौक्ते वादळात आमची बोट शाबूत राहिली, तरी त्या साली काढलेलं कर्ज अजून फिटत नाही. असं का व्हावं? – एक वाचक, मढ

उत्तर : वादळाची तारीख बघा. तौक्ते मुंबईजवळून गेलं 17 मे 2021 रोजी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मधले दोन आठवडे म्हणजे बोंबील-जवळा सुकवून पावसाळ्याची बेगमी करण्याची शेवटची संधी. बंदीतला घरखर्च, ऑगस्टच्या पहिल्या फेरीचं डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, सगळं त्याच विक्रीतून निघतं. ते बुडालं की उचल व्यापाऱ्याकडून घ्यायची, मग मासळी त्यालाच आणि तो म्हणेल त्या भावाने. कर्ज वाढतं ते इथे. निसर्ग वादळ 3 जून 2020ला, पावसाळ्याच्या तोंडावर आलं. क्यार आणि महा ही वादळं मात्र 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन हंगामात, लागोपाठ आली.

प्रश्न : अवकाळी पावसात वलांडीवरचे (मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडवावरचे) बोंबील प्लास्टिकने झाकले, तरी बुरशी आली. – एक मासळी विक्रेत्या, वर्सोवा

उत्तर : ताई, बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. कडक उन्हाला वाऱ्याची जोड असली तरी सुकायला तीन-चार दिवस लागतात. प्लास्टिक घट्ट लपेटलं की निघालेली वाफ आतच अडकते, माल घामेजतो आणि बुरशी धरते. ताडपत्री वलांडीच्या वर छपरासारखी उतरती ताणा, चारही बाजू मोकळ्या ठेवा. पाऊस थांबताच काढून टाका. भिजलेला माल ढीग करून ठेवू नका. बोंबलांच्या जोड्या विरळ करून पुन्हा टांगा. बुळबुळीत, आंबूस वास येणारा बाजूला काढा, तो खाण्यासाठी विकू नका. पहिल्याच दिवशी भिजलेली मांदेली असेल तर चार किलोला एक किलो मीठ लावून वाचते. जवळा जमिनीवर पसरण्याऐवजी कमरेएवढ्या उंच मांडवावर, जाळीवर घाला. खालूनही वारा लागतो.

प्रश्न : नांगरावरची बोट फुटली. पंचनाम्यासाठी काय लागतं? – एक वाचक, गोराई

उत्तर : आधी दुरुस्तीला हात लावू नका. नोंदणी क्रमांक दिसेल असे बोटीचे, फाटक्या जाळ्यांचे फोटो काढा. त्याच दिवशी तलाठी, मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी आणि आपली मच्छीमार सोसायटी, तिघांनाही लेखी कळवून पोच घ्या. नोंदणी, चालू परवाना, जाळ्यांची बिलं जोडा. अर्ज बहुधा अडकतो तो बोट अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असल्यामुळे. ते काम पावसाळ्याआधी उरका. केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या 2022च्या निकषांत पूर्ण नष्ट बोटीला 15,000 आणि जाळ्याला 4,000 रुपये आहेत. एवढ्यात नवी बोट उभी राहत नाही, म्हणून बोटीचा विमा वेगळा काढाच. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा (मृत्यूला 5 लाख) माणसाचा असतो, बोटीचा नव्हे.

वलांडीवर भिजलेल्या मालाला या निकषांत रकानाच नाही. बायकांची मेहनत अशी हिशेबाबाहेर राहावी, हा सरळ अन्याय आहे. सुकवायला घातलेल्या मालाची रोजची वही ठेवा आणि सोसायटीच्या निवेदनाला तिची प्रत जोडा.