पाणी मी भरीन

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून सांगते" म्हणाले, ते हे. आत्याआजीच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ तू मैत्रिणींना दाखवलास. उखाण्यासाठी सगळे मागे लागले, तिनं पदर सावरला, नाव घेतलं आणि आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. एरवी ती त्यांना नावानं हाक का मारत नाही, असं मैत्रिणीनं विचारलं आणि तुला उत्तर देता येईना. मग तू मला म्हणालीस, "आई, लग्न घरच्यांनी ठरवलं, नवऱ्याला नुसतं 'अहो' म्हणायचं. तिनं आजोबांना निवडलं तरी होतं का?"

निवडलं होतं, बाळा. चांगलं पारखून निवडलं होतं.

1972 सालची दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या घरी पुन्हा पाहण्याचे कार्यक्रम सुरू झाले. आत्या तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होती. पाहायला येणाऱ्यांना ती एकच प्रश्न विचारायची, "लग्नानंतर मी नोकरी चालू ठेवली तर चालेल का?" त्या काळात मुलीनं असं विचारणं म्हणजे आगाऊपणा समजत. दोन स्थळं त्यावरूनच परत गेली. तिसऱ्यानं पोह्यांच्या बशीतून मान वर न करता "हो, चालेल की" म्हटलं. त्याला तिनंच नकार कळवला. मुलीनं ताट घेऊन यायचं आणि चार अनोळखी माणसांनी तिला न्याहाळायचं, ही पद्धत मला कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही. पण त्याच खोलीत बसून आत्यानंही त्यांना न्याहाळलं, हे तुला कळायला हवं.

चौथे आजोबा. ते खंडव्याला नोकरीला होते, घर इंदूरलाच. वडील नव्हते, आईला दम्याचा त्रास, म्हणून ते मामा-मामींबरोबर आले. आत्याचा प्रश्न ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला चालेल. पण सकाळची सगळी कामं आईवर पडतील. तिला विचारून सांगतो."

त्या रात्री आत्या जेवली नाही. "एवढा मोठा माणूस, आणि आईला विचारणार!" तुझे आबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचे होते. दाराआड उभे राहून त्यांनी हे सगळं ऐकलं, म्हणून आज मी तुला सांगू शकते.

नऊ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. उघडं कार्ड, त्यामुळे पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी वाचलं. पणजोबांच्या नावे, सा. न. वि. वि. लिहून पुढे चार ओळी: "आपल्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. आईशी बोललो. सकाळचा स्वयंपाक ती करील. खटपट करून इंदूरला बदली मागतो. पाणी मी भरीन."

पाणी मी भरीन, हे तुला आज फारसं काही वाटणार नाही. पण तेव्हाचं इंदूर डोळ्यासमोर आण. शहराला मोठी नदी नाही, तलावांचं पाणी उन्हाळ्यात पुरायचं नाही. नर्मदेचं पाणी आणा म्हणून 1970 मध्ये सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. पहाटे चारला सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग लागायची आणि त्या रांगेत बायका आणि मुली उभ्या असायच्या. घरातला कमावता पुरुष हंडा उचलत नसे. आत्याला हे कार्ड स्वयंपाकघरात पणजीनं वाचून दाखवलं. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "हे तेव्हाच्या तेव्हा 'हो' म्हणाले असते ना, तर मीच नाही म्हटलं असतं. यांनी खरंच घरी जाऊन विचारलं. कोण काय करणार, ते ठरवून आले."

साखरपुडा झाला आणि वैशाखातला मुहूर्त धरला. मधल्या महिन्यांत आजोबा दर शनिवारी खंडव्याहून मीटरगेजच्या गाडीनं यायचे. सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पण निम्मा दिवस जायचा. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलावर गाडी आली की सगळे डब्यातून नदीत नाणं टाकत, तसं तेही टाकायचे. पुढे कालाकुंडला घाट चढायला मागून आणखी एक इंजिन जोडत, तेवढ्यात ते फलाटावर उतरून कलाकंद घ्यायचे. तिथला कलाकंद पळसाच्या पानात बांधून देतात. रामबागेत पोचेपर्यंत पान मऊ पडलेलं, कडेनं तुपाचा डाग. ती पुडी ते पणजीच्या हातात द्यायचे, आत्याच्या कधीच नाही. पणजी अर्धा कलाकंद देवापुढे ठेवायची आणि उरलेला पानासकट आत्याकडे सरकवायची. आत्या ते पान पुसून वहीत ठेवायची.

रविवारी संध्याकाळी फिरायला परवानगी होती, पण आबांना बरोबर घेऊन. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून राजवाड्यापर्यंत जायचं, गाडीवरचे गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायचे, वर जीरावन मसाला, आणि साडेसातच्या आत घरी. आबा म्हणतात, दोघं बोलायचे ते शाळेतल्या मुलींबद्दल आणि बदलीच्या अर्जाबद्दल. एकदाच त्यांनी वेगळं काही ऐकलं. आजोबांनी विचारलं, "तुमचं नाव बदलायचं का?"

आपल्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. नुसतं आडनाव नाही, हाक मारायचं नावसुद्धा. कितीतरी बायकांचं जन्मापासूनचं नाव त्या एका ताटात संपलं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आत्या म्हणाली, "नको." 1973 च्या वैशाखात आजोबांनी तांदळात तिचं माहेरचंच नाव लिहिलं. गुरुजी थांबले, मामी काहीतरी पुटपुटल्या. आजोबांनी अंगठी बोटात घातली आणि ताट पुढे सरकवलं.

आता 'अहो'. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असा जुना समज होता. नाव घ्यायची मोकळीक फक्त उखाण्यात, चारचौघांत, यमक जुळवून. आत्याचा त्या समजावर काडीचा विश्वास नाही. पण तिचं म्हणणं असं की रोज नळाच्या, भाजीच्या, वीजबिलाच्या कामासाठी ते नाव वापरायचं नाही. व्हिडिओत तिनं घेतलं ते तू नीट ऐकलंस ना?

कालाकुंडचा कलाकंद पळसाच्या पानात,
…रावांचं नाव पन्नास वर्षं जपलं मनात.

आणि आजोबा? आजोबा तिला त्या तांदळातल्या नावानंच हाक मारतात. म्हणून मला तिचं 'अहो' कमीपणाचं वाटत नाही. तू तुझ्या नवऱ्याला नावानं हाक मारशील, मीही तुझ्या बाबांना मारते, आणि तेच बरोबर आहे असं मला वाटतं. पण आत्याच्या 'अहो'ला कुणी बिचारं म्हटलं तर ते मला सहन होत नाही.

बदली व्हायला वर्ष लागलं. मग आजोबा रोज पहाटे नळावर गेले. बायकांच्या रांगेत एकटे पुरुष, आधी हसू झालं, पुढे बायकाच त्यांची जागा धरून ठेवू लागल्या. 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्य पर्वत चढवून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. त्या दिवशी आजोबांनी घरच्या नळाला हळदकुंकू वाहिलं. ज्या नदीत दर शनिवारी नाणं टाकत होते ती घरी आली, असं म्हणाले. नंतरही प्यायचा माठ तेच भरत राहिले, अजून भरतात. आत्या नोकरी पूर्ण करून, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली.

2018 च्या डिसेंबरात पातालपाणी ते कालाकुंड ती जुनी गाडी पर्यटकांसाठी सुरू झाली, तेव्हा दोघं हौसेनं जाऊन आले. परतताना या वेळी पुडी आजोबांनी आत्याच्या हातात दिली.

आता आजोबांना कमी ऐकू येतं. दाराची घंटा कळत नाही, कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत. पण मागच्या उन्हाळ्यात मी पाहिलं, आत्या आतल्या खोलीतून नेहमीच्या हळू आवाजात "अहो" म्हणाली आणि ओट्यापाशी माठ भरत असलेल्या आजोबांनी तिथूनच "आलो" म्हटलं.

रविवारी त्यांना फोन कर, तिकडे दुपारचे चार वाजून गेल्यावर. ते पोस्टकार्ड आत्याच्या कपाटात आहे, नेमणुकीच्या पत्राखाली. वाचून दाखव म्हण. ती लाजून नाही म्हणेल. मग आजोबांना सांग, त्यांना तोंडपाठ आहे.

तुझी,
आई