अजून बॅग भरली नाहीस आणि रिव्हॉल्व्हर विचारतोस!

तू लिहिलंस ते मला समजलं तसं आधी मांडतो, चुकलं असेल तर सांग. बायको अमेरिकन नागरिक, तिच्या अर्जावर तुझा इमिग्रंट व्हिसा मुंबईत मंजूर झालाय. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातून निघून थेट ह्यूस्टनला येणार. सासऱ्यांचं गॅस स्टेशन आहे, रात्री अकराला गल्ला मोजून कुलूप लावायचं काम तुझ्या गळ्यात पडणार. आणि प्रश्न एकच: "दादा, खिशात मावेल, कुणाला दिसणार नाही असं छोटं रिव्हॉल्व्हर कुठलं घेऊ?" काय बे, अजून बॅग भरली नाहीस आणि रिव्हॉल्व्हरवर पोचलास! पण मी याच रस्त्यानं गेलोय आणि वाटेत पैसेही घालवलेत, त्यामुळे हसायचा मला हक्क नाही.

आधी व्हिसाचं बोलू, कारण आपली पोरं तिथंच फसतात. नोकरीच्या एच-१बी, एल-१, शिक्षणाच्या एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं सोड, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, मित्राचं पिस्तूल हातात घेऊन चार गोळ्या मारणंही त्यात येतं. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते, पण ती भानगड तुला नको. इमिग्रंट व्हिसावर विमानतळावर शिक्का बसला की तू कायमचा रहिवासी झालास, तुला घेता येतं. एवढं मात्र डोक्यात ठेव की कायमचा रहिवासी म्हणजे नागरिक नव्हे. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर ग्रीन कार्ड असूनही परत पाठवू शकतात. इथं जन्मलेल्याला जी चूक दंडावर भागते, ती तुला थेट सोलापूर स्टेशनवर आणून सोडेल.

आपल्याकडं काय असतं ते तुला माहीतच आहे. माझ्या मामांकडं मोहोळ तालुक्यात परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली, जिवाला धोका कसा आहे ते पटवून, पोलीस पडताळणी होऊन मिळालेला. मामा ते वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर काढायचे. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, मशीन ऑइलचा वास. कोयता, पाना आणि मोटारीच्या चाव्यांशेजारी ठेवून हळद-कुंकू वाहायचे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा. सगळ्या आयुष्यात त्यांनी एक गोळी झाडली असेल तर शपथ. मी त्याच समजुतीनं इथं आलो, की रिव्हॉल्व्हर ही कपाटात ठेवायची वस्तू, घेतली की काम झालं.

इथं घेणं सोपंच आहे. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, ग्रीन कार्ड आणि चालू पत्त्याचं टेक्सासचं ओळखपत्र दाखवायचं, दुकानदार केंद्रीय तपासणीला विचारतो, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत होकार येतो. दुकानातून हँडगन, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, घ्यायला वय २१ पूर्ण पाहिजे, तुझं आहे. फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गांजाचाही प्रश्न त्यात आहे, आणि शेजारच्या राज्यात दुकानात मिळतो म्हणून केंद्राला तो चालत नाही. बाकी इतकं सोपं आहे ते टेक्सासमध्ये. उद्या न्यू जर्सीला बदललास तर हँडगन घ्यायच्या आधीच पोलिसांचा परवाना लागेल. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं.

आता मूळ प्रश्न. दुकानात काउंटरमागचा माणूस तुझ्या हातात आधी सगळ्यात हलकं ठेवेल. माझ्या हातात स्मिथ अँड वेसनचं ३४०पीडी ठेवलं होतं. स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचं सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक), वजन जेमतेम ३३० ग्रॅम, त्यात .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या पाच गोळ्या. घरी आणेपर्यंत मला वाटत होतं की मोबाइलपेक्षा थोडंच जड आहे, जिंकलो! दुसऱ्या दिवशी रेंजवर पहिली मॅग्नम मारली आणि तळहातावर कुणीतरी वीट आपटल्यासारखं झालं. पाच मारल्या. सहाव्यापासून गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले आणि मनगट खाली जायला लागलं. हातानं एकदा ही सवय धरली की सुटता सुटत नाही, मला ती मोडायला दोन-तीन महिने लागले. दुकानानं ते निम्म्या किमतीत परत घेतलं.

रिव्हॉल्व्हर जेवढं छोटं आणि हलकं, तेवढं ते चालवायला अवघड. नवख्याला सगळं उलट वाटतं, छोटं म्हणजे सोपं, बायकांसाठी चांगलं, वगैरे. हलक्या वस्तूचा धक्का जास्त बसतो. नळी दोन इंचांपेक्षा आखूड, त्यामुळे नेम धरायची पुढची आणि मागची माशी अगदी जवळ, जरा कोन चुकला की गोळी भलतीकडं. मूठ एवढी लहान की करंगळी हवेत लोंबते. आणि चाप, म्हणजे ट्रिगर! रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना तू सिलिंडर फिरवतोस आणि घोडाही (काडतुसावर आपटणारा हातोडा) मागं नेतोस, तो दहा-बारा पौंडांचा म्हणजे पाचेक किलोचा ओढा असतो, आणि ओढायची वस्तू अर्ध्या किलोच्याही आतली. शेंगाचटणीचं अर्ध्या किलोचं पाकीट एका हातात स्थिर धरून त्याला एका बोटानं पाच किलो ओढून बघ, म्हणजे कळेल मी काय म्हणतो.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, दुसरा माणूस दुसरं सांगेल.

स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा त्याचंच काळं भावंड ४४२. काडतूस .३८ स्पेशल, मॅग्नमपेक्षा सौम्य, पाच गोळ्या, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास. घोडा आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना अस्तरात अडकत नाही. या बांध्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर त्यांनी १९५० मध्ये काढलं, त्यामुळे होल्स्टर (हत्याराचं म्यान), मुठी, सगळं कुठंही मिळतं. दुसरं रुगरचं एलसीआर, २००९ पासून आहे, .३८ मध्ये ३८० ग्रॅमच्या आसपास. दिसायला प्लास्टिकचं खेळणं, मलाही आवडलं नव्हतं, पण त्याचा चाप कारखान्यातूनच इतका मऊ येतो की दोन्ही शेजारी शेजारी ओढून बघितलीस तर वाद उरत नाही. माझ्याकडं आता तेच आहे. घामाचाही विचार कर. आपलं ऊन कोरडं, ४३ डिग्रीला पण सावलीत जीव येतो. ह्यूस्टनचं दमट, मे ते सप्टेंबर अंगावरचा शर्ट वाळतच नाही. खिशातलं लोखंड महिन्यात गंजतं, आठवड्याला तेलाचं फडकं फिरवावंच लागतं.

पोलादी रुगर एसपी१०१ सव्वासातशे ग्रॅमचं आहे. चालवायला तेच सगळ्यात सुखाचं, फक्त खिशात घातलं की पँट एका बाजूला उतरते. पट्ट्यावर होल्स्टर लावणार असशील आणि शर्ट बाहेर सोडणार असशील तर बेधडक ते घे.

दुकानदार म्हणेल, रिव्हॉल्व्हर जुनं झालं, पिस्तूल घे. त्याचंही चूक नाही. सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल आल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, तेवढ्याच जागेत दहा गोळ्या मावतात आणि नेमही सोपा जातो. तरी रिव्हॉल्व्हरला मी चिकटून आहे ते यासाठी की पिस्तुलासारखी वरची स्लाइड मागं खेचून गोळी भरायची भानगड नाही, सिलिंडर उघडलं की भरलंय का रिकामं ते पाचही भोकांत डोळ्यांनी दिसतं, आणि दिवसभर बाराशे गिऱ्हाइकं करून थकलेला माणूस त्यात चूक कमी करतो. तुझ्या हातांना पिस्तूल बरं वाटलं तर पिस्तूल घे, मी रागावणार नाही.

गोळ्यांबद्दल एवढंच की मॅग्नमच्या नादी लागू नकोस, .३८ स्पेशल पुरे. १४८ ग्रेन वजनाची, सपाट तोंडाची वॉडकटर मिळते, तिचा धक्का सौम्य, छोट्या रिव्हॉल्व्हरला ती फार मानवते. आणि एक गंमत जी मला कुणी सांगितली नव्हती: फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये पहिल्या गोळीच्या धक्क्यानं बाकीच्या काडतुसांतली शिशाची टोकं हळूहळू पुढं सरकतात. एखादं टोक सिलिंडरबाहेर डोकावलं की सिलिंडर फिरतच नाही, गाडी जाम. म्हणून जी गोळी खिशात ठेवणार, तिच्या चार मारून पाचवं काडतूस काढून बघायचं, टोक हललंय का.

खिशात ठेवशील तर खिशाच्या होल्स्टरमध्येच, चाप झाकलेला पाहिजे, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही, तुझी सुपारीची पुडी तर नाहीच.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. हे ऐकून सगळे म्हणतात, मग परवाना कशाला? तू काढ. एक तर केंद्रीय कायद्यानं शाळेपासून हजार फुटांच्या आत राज्याच्या परवान्याशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे, आणि गाडी चालवताना शाळा किती लागतात ते मोजून बघ. दुसरं, त्या वर्गात चार-सहा तास बसून कायदा कळतो, आणि शेवटी ५० गोळ्यांची परीक्षा असते, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ लागतात. छोट्या रिव्हॉल्व्हरनं ती देऊन बघ, पंधरा यार्डांवर घाम फुटेल. पोस्ट ऑफिस, कोर्ट, शाळा, मतदान केंद्र इथं न्यायचं नाही. दारावर लाल ५१ लिहिलंय, म्हणजे ज्याची निम्म्याहून जास्त कमाई दारूवर आहे, तो बार, तिथंही नाही. दोन बिअर पोटात असताना तर घराच्या नाहीतर गाडीच्या बाहेर काढायचंच नाही.

आता जे तू विचारलं नाहीस ते. गल्ल्यासाठी पाहिजे म्हणतोस ना? मला एकदाच वेळ आली. जानेवारीची रात्र, साडेदहा. दोन पोरं आत आली, टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या, एकानं काउंटरवर पिस्तूल ठेवलं, माझ्याकडं तोंड करून. माझा उजवा हात खिशात, मुठीवर. पोरांच्या बरोबर मागं, कॉफीच्या मशीनपाशी, रोज येणारी एक म्हातारी कपात साखर ढवळत उभी. तिला काही कळलंच नव्हतं, चमचा वाजत होता. मी हात बाहेर काढला, गल्ला उघडला, होते ते २१४ डॉलर दिले. ती दोन पोरं गेल्यावर माझे पाय एवढे कापले की स्टुलावर बसलो. त्यानंतर सगळ्यात उपयोगाचा खर्च केला तो रिव्हॉल्व्हरवर नाही, फट असलेल्या तिजोरीवर. वीस आणि वरची नोट आली की लगेच आत, किल्ली माझ्याकडं नाही, आणि तशी पाटी दारावर. सासऱ्यांकडं तशी तिजोरी नसेल तर त्यांना पहिल्या पगाराआधीच सांग.

घरात चार वर्षांची भाची आहे म्हणालास. भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलं आणि सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्सासमध्ये ठेवणारा गुन्हेगार. उशीखाली, गाडीच्या कप्प्यात, कपाटावर चालणार नाही. बोटानं उघडणारी छोटी पेटी पलंगाला स्क्रूनं बसव. खिशातून काढलं की थेट पेटीत, मध्ये चहाला बसायचं नाही.

आणि गावाकडं येताना? रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरायची नाही, कधीच. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येत होतो, बायको सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बदाम भरत होती आणि म्हणाली, "हे काय सापडलं?" .३८ चं एक काडतूस, शिवणीत अडकलेलं. तसंच निघालो असतो तर मुंबई विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं असतं. आपल्याकडं परवान्याशिवाय एक जिवंत काडतूसही शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाऐवजी कोठडीत बसलो असतो. त्या दिवसापासून रेंजची बॅग लाल रंगाची आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर येत नाही.

पहिले तीन-चार महिने काही घेऊ नकोस. गाडी शीक, दुकान समजून घे, कार्ड हातात येऊ दे. मग मला फोन कर, रविवारी सकाळी रेंजवर जाऊ. तिथं रिव्हॉल्व्हरं भाड्यानं मिळतात, ६४२, एलसीआर, एसपी१०१ तिन्ही पन्नास-पन्नास गोळ्या मारून बघ, तुझा हातच सांगेल. गळाबंद टीशर्ट घालून ये. रिव्हॉल्व्हर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकत नाही, पण शेजारच्या लेनमधलं पिस्तूल फेकतं, आणि ती गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस हातात हत्यार घेऊन नाचतो. मी नाचलोय.