आई ए पॉझिटिव्ह, वडील बी पॉझिटिव्ह. मूल ओ निगेटिव्ह असू शकतं का?

हो, असू शकतं. उगाच संशय नको. फक्त आईवडील दोघांकडेही ओ आणि निगेटिव्ह ही दोन्ही जनुकं लपलेली असायला हवीत. तसं असेल तर मूल ओ होण्याची शक्यता १/४, निगेटिव्ह होण्याची १/४, दोन्ही एकत्र १/१६, आणि ही प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने. सरळ गुणाकार चालतो, कारण एबीओचं (ए, बी की ओ हे ठरवणारं) जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे आणि आरएचचं (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणारं) पहिल्या. (एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असती तर हा हिशेब कोसळला असता.) मात्र १९५२ मध्ये मुंबईत सापडलेला ‘बॉम्बे’ गट साध्या तपासणीत ओ दिसतो. त्यामुळे पालक एबी आणि मूल ओ असं निघालं, तर आधी रक्तपेढीत एच अँटिजेन (तांबड्या पेशींवरचा, ए आणि बी ज्यावर घडतात तो पदार्थ; बॉम्बे गटात तो नसतो) तपासून घ्या.