नवऱ्याची सही आणि उरलेले दोन महिने

सिन्नरच्या एका ताईंचं पत्र आहे. नाशिकमधल्या खासगी रुग्णालयात गर्भाशयाचं ठरवून केलेलं ऑपरेशन झालं, त्याला बावीस महिने झाले. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्याचं त्यांना कळलं ते डिस्चार्जच्या बिलातली ‘क्रॉसमॅचिंग’ (रक्त जुळतं का याची चाचणी) ही ओळ वाचून. पाच महिन्यांपूर्वी हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, निघाला. संमतीच्या फॉर्मवर सही नवऱ्याची. ‘मग माझा हक्कच गेला का?’ दर महिन्याला असं एक तरी पत्र येतं.

ताई, सहीचं नंतर. आधी कॅलेंडर बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. रुग्णालयात घातलेल्या चकरा, ‘मोठे डॉक्टर आले की बघू’, यातल्या कशानेही ही मुदत थांबत नाही. आजार कळला त्या दिवसापासून मुदत मोजा, असं म्हणायला जागा आहे. लपून राहिलेली इजा उघड होते तेव्हापासून दोन वर्षं, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये श्रीखंडे प्रकरणात मान्य केलंय. पण न विचारता रक्त दिल्याची तक्रार बिल हातात पडलं त्याच दिवशी उभी राहिली. म्हणून जुनीच तारीख धरा आणि दोन्ही तक्रारी एकाच अर्जात, दोन वर्षं भरायच्या आत ग्राहक आयोगात दाखल करा. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण हातात दिवस असताना त्या भरवशावर कशाला राहायचं?

आता सही. समीरा कोहली खटल्यात (2008) रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती. जिवाचा धोका नसेल तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं, आईची संमती चालणार नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. नवऱ्याची तरी कशी चालेल? तुम्ही तर आदल्या दिवशी शुद्धीवर, वॉर्डात चहा पीत होतात. टेबलावर रक्तस्राव होऊन जिवावर बेतलं असेल तर मात्र डॉक्टर सुटू शकतात. ते ठरेल भुलीच्या नोंदी आणि आधीचं हिमोग्लोबिन बघूनच.

आणि तुम्ही तर मूळ फाईल झेरॉक्स न काढता मेडिक्लेमला देऊन टाकलीत! पाच रुपयांचं काम होतं. असो, विमा कंपनीकडे तिची प्रत मागा. रुग्णालयाला लेखी अर्ज करा: संमतीपत्र, भुलीच्या नोंदी, रक्त चढवल्याची नोंद आणि पिशव्यांचे क्रमांक. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात, मात्र ते सांभाळायचं बंधन तीनच वर्षं. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्याच. पिशवीच्या क्रमांकावरून रक्तपेढीची चाचणी शोधता येते.

भरपाई किती, ते सांगत नाही. समीरा कोहलींना संमतीच्या मुद्द्यावर 25,000 रुपये मिळाले होते. हेपॅटायटिस त्याच रक्तातून आला हे सिद्ध करणं अवघड; दात्याला संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे त्यावर कुणी हसतसुद्धा नाही आता.

कागद आले नाहीत तरी तक्रार अडवून ठेवू नका. ‘मागितले, दिले नाहीत’ एवढं लिहा आणि शिक्क्याची प्रत जोडा.