प्रोब एकदा खुरालाही लाव

प्रिय डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गोठ्यांवर फिरू लागलीस, आणि पहिलाच प्रश्न असा विचारलास की बरं वाटलं: गाय लंगडायच्या आधी खुराचं दुखणं कळेल का? बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी नवं यंत्रही नको. गाभण तपासतेस तेच अल्ट्रासाऊंड पुरतं; त्याचा प्रोब, म्हणजे अंगाला टेकवायचा भाग, खुराला लावायचा.

खुरातल्या शेवटच्या हाडाखाली चरबीची गादी असते. ती पातळ झाली की हाड खालच्या नाजूक थराला चेंगरतं. पण तळव्याचा कठीण थर महिन्याला जेमतेम 5 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे आतली इजा बाहेर दिसायला दोन-तीन महिने जातात. श्रावणात लंगडणाऱ्या गाईचं मूळ वैशाखात शोधावं लागतं ते यामुळे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 साली होल्स्टीन गाईंवर हे दाखवलं: व्याल्यानंतर गादी झिजत जाते, 120 दिवसांच्या सुमारास सर्वांत पातळ होते, आणि अंगाने उतरलेल्या गाईची आणखी पातळ. तिकडचे आकडे मात्र आपल्या संकरित गाईंना लावू नकोस, गोव्याच्या देशी श्वेत कपिलेला तर नाहीच नाही. गाईची तुलना तिच्याशीच कर. आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना एकदा, व्याल्यावर एकदा, मग चौथ्या महिन्यात.

मागच्या पायाची बाहेरची नखी धर, जखम बहुधा तिथेच होते. गाय खोड्यात घेऊन तळवा धू, वरचा सुका पापुद्रा काढ, ओलं फडकं थोडा वेळ बांधून ठेव. कोरड्या खुरातून लहरी आत जात नाहीत. मग भरपूर जेल. पडद्यावर आधी तळव्याचा काळसर पट्टा, खाली हाडाची लख्ख पांढरी रेघ. मधलं अंतर मोज, तीच गादीची जाडी. गाय हलली तर आकडा लिहू नकोस, पुन्हा घे.

गादी पातळ निघाली म्हणून मालकाला "गाय लंगडणार" असं सांगितलंस, तर तो तिला लगेच बाजार दाखवेल. त्याला कामाचं सांग: आटलेल्या गाईला पेंड चारून गब्बर करू नको, अशीच गाय व्याल्यावर झपाट्याने उतरते. नुसत्या सिमेंटवर रबराची मॅट टाक. वेळेवर खुरसाळणी कर. मॅटचं नाव काढलं की पैशांची रड सुरू होईल; ती ऐकून घे आणि निदान व्यायला झालेल्या गाईपुरती तरी टाकायला लाव.

पावसाळ्यात बेचक्यात खूर कुजतो, तो प्रकार वेगळा. तो प्रोबने आधी कळत नाही, तिथे तुझं नाक आणि डोळे.

आणि हो, प्रोबवर हातमोजा चढव, आतूनही जेल घाल. खुराला चिकटलेल्या चिऱ्याच्या खड्याने त्याला ओरखडे पडतात, आणि ते यंत्र तुला उद्या गाभण तपासायलाही लागणार आहे.

तुझे,
सर