चौथीतलं पोरगं दहा मिनिटांत गणितं संपवतं, त्याला पाचवीत बसवू का?

ताई, घाई करू नका. गणितं संपवून तो इतरांच्या खोड्या काढतो म्हणता, म्हणजे रिकामा बसतोय, एवढंच. वरच्या वर्गातही महिन्याभरात तेच होईल.

मी यावल-रावेरकडे जिल्हा परिषदेच्या शाळांवर सत्तावीस वर्षं काढली. पहिली चूक माझीच. एका मुलीचं झालं की मी तिला आणखी दहा उदाहरणं द्यायचो. पुढे ती सगळ्यांच्या शेवटी वही आणायला लागली. मला वाटलं, पोरीचं लक्ष उडालं. गणितं कधीच झालेली असायची, वही दप्तराखाली दाबून बसायची!

तेव्हापासून मी धडा सुरू करण्याआधीच अशा मुलाला त्यातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं देतो. चार बरोबर आली की सराव माफ.

वाचलेल्या वेळात काय द्यायचं? तुमच्याकडे घरोघरी केळी. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर ३३ बाय ३३ फुटांच्या गुंठ्यात खोडं किती, एकरात किती? कागदावर एकरी १७४२ येतात. मग बागेत मोजायला पाठवा. माझ्या एका विद्यार्थ्याची साडेपंधराशेच भरली. आठ दिवस तो त्या फरकाच्या मागे. बांध, गाडीवाट, विहिरीभोवतीची जागा, नांग्या म्हणजे खोड मेलेल्या रिकाम्या जागा, सगळं चौकटीच्या कागदावर काढून आणलं. उत्तर मलाही माहीत नव्हतं, आणि मजा तिथेच होती. पुढे ठिबकची नळी किती फूट लागेल, हा प्रश्न त्याचा त्यानंच काढला.

सहल चाळीसगावजवळच्या पाटणला न्या. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. १२०७ चा शिलालेख आहे. लेख संस्कृतात, पण शेवटी जुनी मराठी, मठाला काय काय द्यायचं त्याची. तिचा छापील उतारा मिळवून त्याच्या हातात द्या, किती शब्द कळतात बघू द्या.

त्याला रोज कच्च्या मुलांचा मास्तर करू नका. आपलं काम हलकं होतं, त्याचं शिकणं तिथेच राहतं. आणि पालक नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचं विचारतीलच. ती परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, चौथीचं वर्ष त्यात घालू नका म्हणावं.